एकच उतार, तीन आकडे

माझ्या आईने मला त्रिकोणमितीत नापास केलं आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रारी ऐकणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे स्वतःच्या तक्रारींना वेळ मिळत नाही. पण पुढची सगळी हकिगत त्या पेपरापाशीच येऊन थांबते, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. आई शाळेत गणित शिकवायची आणि मी तिच्याच वर्गात होतो. पास व्हायला पस्तीस लागायचे, तिने चौतीस दिले. एका उत्तरात अंशाचं चिन्ह लिहायचं राहिलं होतं, म्हणून एक गुण कापला. त्या संध्याकाळी तिने मला नेहमीसारखं जेवायला वाढलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "एकक लिहीत जा." या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. आता मी छप्पन्नाचा आहे. जखम भरली आहे, फक्त थंडीत जरा दुखते.

पुढे मी पंखे बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात चिकटलो आणि तिथेच मुरलो. आमच्या विभागाकडे लोकांना द्यायला एकच उत्तर असतं, आणि ते म्हणजे 'नाही'. पण तसं लिहायचं नसतं. 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे' असं लिहायचं, किंवा 'आपली अडचण संबंधितांच्या निदर्शनास आणून दिली आहे', किंवा फारच चिवट गिऱ्हाईक असेल तर 'यथावकाश कळवण्यात येईल'. रूपं वेगळी, किंमत तीच. या कलेत माझा हात धरणारा अख्ख्या कंपनीत कुणी नाही. म्हणजे एकाच किमतीला निरनिराळी रूपं देणाऱ्या ज्या विषयात मी नापास झालो, त्याच विषयावर गेली तीस वर्षं माझं घर चाललं आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण डॉक्टरांनी वर्षभर चाकाची खुर्ची सांगितली. आम्ही तळमजल्यावर राहतो. दारापासून अंगणापर्यंत तीनच पायऱ्या आहेत. एकेक पायरी पंधरा सेंटीमीटरची. अंगणात कुंपणाच्या भिंतीला लागून एक बाक आहे आणि त्या बाकावर गेली तीस वर्षं रोज संध्याकाळी साडेपाचला आई आणि शेजारच्या इमारतीतल्या शिवणवाल्या मावशी बसत. वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं सोडवायचं आणि मग जगाचे राहिलेले प्रश्न सोडवायचे, असा त्यांचा क्रम होता. आता आईला पायऱ्या उतरता येईनात. मावशी सपाट जमिनीवरून काठी टेकत बाकापर्यंत येत, पण त्यांच्या गुडघ्यांना पायरीचं नाव काढलेलं चालत नव्हतं. एक वर, एक खाली, आणि मध्ये तीन पायऱ्या.

उचलून नेण्याचा प्रस्ताव मी मांडला होता. त्यावर आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मी काय कपाट आहे का, असं विचारलं. मावशींनाच उचलून वर आणावं, असं बायकोने सुचवलं, तेव्हा मावशींनी खालूनच काठी दाखवली.

मग दोघींनी खिडकीतून ओरडून बोलायला सुरुवात केली. आई खिडकीत, मावशी बाकावर. मावशींना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे आईला वर्गातला आवाज लावावा लागे, आणि आई ओरडते आहे म्हणून मावशीही ओरडत. महिन्याभरात मावशींच्या सुनेने नवीन शिलाई यंत्रावरून काय काय ऐकवलं, हे सगळ्या इमारतीला तोंडपाठ झालं. साडेपाचला वरच्या गॅलऱ्यांमध्ये लोक कपडे वाळत घालायला येऊ लागले. काहीजण तर तेच कपडे रोज वाळत घालत होते.

मीही ऐकून हसायचो. पण एकदा संध्याकाळी मावशी काहीतरी बोलल्या, आईला ते ऐकू गेलं नाही, तिने दोनदा विचारलं आणि मावशींनी दमून "जाऊ दे" असा हात हलवला. आई खिडकीतून आत वळली. "पंचेचाळीस सेंटीमीटर तर आहे रे," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे, गणितात एखादी रक्कम वाचावी तशी. आईने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मी बोलून गेलो की, आठ दिवसांत पायऱ्यांच्या जागी रॅम्प करून देतो. आठ दिवस हा शब्द मी ऑफिसात नेहमी वापरतो, घरी वापरायला नको होता.

आमच्या वरच्या मजल्यावर नकाशेकाका राहतात. त्यांनी आयुष्यभर घरांचे नकाशे काढले आणि निवृत्तीनंतर ते सल्ले काढतात. रॅम्प हा शब्द कानावर पडताच ते घडीची मोजपट्टी घेऊन खाली आले, पायऱ्यांपुढे उकिडवे बसले आणि निकाल दिला, "एकास बारा." म्हणजे उंची एक तर जमिनीवरची लांबी बारा. पंचेचाळीस सेंटीमीटर उंचीला पाच मीटर चाळीस. यापेक्षा चढा केला तर खुर्ची एकटीने चढवता येत नाही, असा नियमच आहे. शिवाय नियम आहे म्हणजे परवानगी आहे, आणि परवानगी आहे म्हणजे परवाना कार्यालय आहे. हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जुनी ओळख निघाल्याचा आनंद होता.

परवाना कार्यालयाला चढून जायला सात पायऱ्या आहेत. मी त्या मोजल्या, पण अर्ज घेऊन गेलेल्या माणसाने असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. खिडकीवरच्या बाईंनी मला तीन अर्ज दिले, कारण रॅम्पशी तीन विभागांचा संबंध होता. बांधकाम विभागाच्या अर्जात उतार मागितला होता तो उंची भागिले जमिनीवरची लांबी असा. सुरक्षा विभागाला हवी होती उंची भागिले रॅम्पच्या तिरप्या पृष्ठभागाची लांबी. तिसऱ्या विभागाला उतार अंशात हवा होता. काकांनी शेजारी बसून हिशेब केला आणि मी सुवाच्य अक्षरात भरलं: पहिल्यात ०.०८३३, दुसऱ्यात ०.०८३०, तिसऱ्यात ४.७६ अंश.

बाईंनी तिन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले, एकेका आकड्यावर पेन्सिल टेकवली आणि तळाची बारीक अक्षरातली सूचना मला वाचायला लावली. 'तिन्ही अर्जांतील उताराची नोंद एकसारखी असावी.' मी सांगितलं की हा एकच उतार आहे, मोजण्याच्या पद्धती तीन आहेत. त्यावर बाईंनी अतिशय शांतपणे विचारलं, "मग तीन रॅम्प बांधताय का?" माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तीस वर्षं मी लोकांना अशाच आवाजात उत्तरं देत आलो आहे, पण समोरच्या बाजूला उभं राहिल्यावर तो आवाज कसा लागतो हे पहिल्यांदाच कळलं.

घरी येऊन मी विचार केला की त्यांना एकसारखे आकडे हवेत ना, मग देऊ. दुसऱ्या दिवशी तिन्ही अर्जांत ०.०८३३ लिहून दिलं. बाई प्रसन्न झाल्या, शिक्के मारले, आणि पाच दिवसांनी तिसऱ्या विभागाचं पत्र आलं. आपण नमूद केलेला ०.०८३३ अंशाचा उतार पाहता आपल्या रॅम्पची लांबी सुमारे तीनशे नऊ मीटर भरते. सदर रॅम्प आपल्या आवाराबाहेर जाऊन मुख्य रस्ता ओलांडत असल्याने रस्ते विभागाचा ना-हरकत दाखला जोडावा.

हे पत्र बायकोने मोठ्याने वाचलं. वाचता वाचता ती खुर्चीत बसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि शेवटी तिने ते पत्र वाचायला नकाशेकाकांना वर नेऊन दिलं. संध्याकाळपर्यंत इमारतीतला प्रत्येक जण मला भेटून आपला रॅम्प टपाल कचेरीपाशी उतरणार की दवाखान्यापाशी, याची चौकशी करून गेला. बसला पर्याय होईल, असंही एकाने सुचवलं.

मी पुन्हा खिडकीवर गेलो. या वेळी बाई जरा नरमल्या होत्या. तीन आकडे वेगळे दिसत असले तरी ते एकाच उताराचे आहेत, असं कागदावर सिद्ध करून आणा, म्हणजे मी तो कागद तिन्ही अर्जांना टाचते, असं त्या म्हणाल्या. "तोंडी नको. रीतसर मांडणी हवी." मांडणी हा शब्द मी शाळा सुटल्यापासून ऐकला नव्हता.

तीन संध्याकाळी मी आणि काका आमच्या जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसलो. जमिनीवरच्या लांबीचा आकडा म्हणजे टॅन, तिरप्या लांबीचा म्हणजे साइन, इथपर्यंत आम्हाला आठवत होतं. आता एकाचं दुसऱ्या रूपात रूपांतर करायचं होतं. मी टॅनपासून निघायचो, साइन आणि कॉसच्या गल्ल्यांमधून फिरायचो आणि दीड पानानंतर पुन्हा टॅनपाशी यायचो. एकदा तर मी सिद्ध केलं की टॅन म्हणजे टॅन. काकांनी त्याचीही तपासणी केली आणि यात चूक काही नाही म्हणाले. मग मी दोन्ही बाजूंनी निघून मध्ये भेटायचा प्रयत्न केला. वरून एक ओळ, खालून एक ओळ. मधल्या जागेत दोन्ही ओळी समोरासमोर आल्या आणि एकमेकींना ओळखेनात. काकांनी कबूल केलं की उतार काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण तो सिद्ध करायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली नव्हती.

"अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली. तिने आईच्या खोलीकडे बोट दाखवलं. मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण ज्या बाईने चौतीस दिले तिच्यापुढे तोच विषय घेऊन जायचं, आणि तेही तिच्याच रॅम्पसाठी, हे माझ्या मानी स्वभावाला झेपेना. शेवटी मी एक युक्ती काढली. कागद घेऊन आईकडे गेलो आणि म्हणालो की, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीला हे अडलं आहे.

आईने कागद घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. "त्या मुलीचं अक्षर तुझ्यासारखंच आहे," एवढंच ती म्हणाली. मग तिने पेन्सिल मागितली.

"हे बघ. म्हणजे तिला सांग. दोन्ही बाजूंनी निघायचं नाही. जी बाजू जास्त गुंत्याची, तिथून सुरुवात करायची आणि दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. ती आपल्या जागी असते. आपण चालत तिच्यापर्यंत जायचं."

गुंत्याची बाजू म्हणजे टॅन भागिले, एक अधिक टॅन वर्गाचं वर्गमूळ. चार ओळींत तिने ती सोडवत नेली, बरोबरची चिन्हं एकाखाली एक, आणि शेवटच्या ओळीत नुसता साइन उरला. मग तिने खाली ०.०८३३ घालून ०.०८३० काढून दाखवलं आणि शेवटी कोनही लिहिला, ४.७६, आणि त्यावर अंशाचं बारीकसं वर्तुळ जरा ठळक काढलं. मी ते वर्तुळ पाहिलं. तिनेही मी पाहतो आहे हे पाहिलं.

परवाना कार्यालयात त्या कागदाचं स्वागत झालं. खिडकीवरच्या बाईंनी चारही ओळी बोट फिरवत वाचल्या, शेवटच्या ओळीला त्यांचा चेहरा उजळला आणि हे असं कुणी आधी समजावलंच नव्हतं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतली. शिक्का पडला, मंजुरी मिळाली. आठ दिवसांचे पाच आठवडे झाले होते.

इथे माझं थोडं डोकं फिरलं. ज्या माणसाला चाळीस वर्षं उताराची भीती वाटत होती, त्याच्या खिशात आता उताराची सगळी रूपं होती. गवंड्याने काम चार दिवसांचं सांगितलं. मला ते दोन दिवसांत हवं होतं, म्हणून मी त्याच्या मेहुण्यालाही बोलावलं. गवंडी अंगणातून वर येईल, मेहुणा दारातून खाली जाईल, मध्ये दोघे भेटतील. मावशींना मी बाकापाशी जाऊन सांगूनही टाकलं की रविवारी साडेपाचला तयार राहा. दोघांना एकाच पद्धतीने उतार सांगणं मला अडाणीपणाचं वाटलं. गवंड्याच्या चिठ्ठीवर मी लिहिलं, 'एकास बारा'. मेहुणा शिकलेला दिसला, त्याच्याकडे मोबाइलवर उतार दाखवणारं यंत्र होतं, म्हणून त्याला मी तोच उतार टक्क्यांत लिहून दिला. चिठ्ठीवर लिहिलं, '८.३३'.

आईला मी दोनदा बाहेर डोकावायला सांगितलं, पण पूर्ण झाल्याशिवाय पेपर तपासत नाही, असं ती म्हणाली.

शनिवारी दुपारी गवंड्याने हाक मारली. आवाजावरूनच कळलं की हाक आनंदाची नाही. मी बाहेर आलो. खालून येणारा रॅम्प सुरेख होता. वरून येणारा रॅम्पही सुरेख होता. फक्त मध्ये, जिथे दोघे भेटायचे होते, तिथे खालचा भाग वरच्यापेक्षा सतरा सेंटीमीटर उंच होता. दारातून निघालेला माणूस झपाट्याने खाली उतरत आला असता आणि अर्ध्या वाटेत त्याला एक पायरी चढावी लागली असती. गवंडी मेहुण्याकडे पाहत होता, मेहुणा मोबाइलकडे. मोबाइल स्वच्छपणे ८.३३ दाखवत होता. अंश.

इमारत जमायला पाच मिनिटं लागली. कुणी म्हणालं, राहू द्या, व्यायाम होईल. कुणी म्हणालं, मधली पायरी चढायला एक छोटा रॅम्प करा, आणि त्याला परवानगी लागेल का यावर दोघांचा वाद जुंपला. नकाशेकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधी तीन पायऱ्या होत्या, आता एक आहे, ही प्रगतीच म्हणायची, असं त्यांनी मला समजावलं. बाकावरून मावशी काय झालं, काय झालं म्हणून ओरडत होत्या. रविवारी मी त्यांना काय सांगणार होतो? आपल्या अडचणीची नोंद घेतली आहे?

मागे चाकांचा आवाज आला. आई दारात आली होती. तिने वरून सगळं नीट पाहिलं, मग चिठ्ठ्या मागितल्या. पहिली वाचून मांडीवर ठेवली. दुसरी डोळ्यांजवळ धरली.

"एकक?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली. छप्पन्न वर्षांचा, ऑफिसात चौदा माणसं हाताखाली असलेला मी, अख्ख्या इमारतीसमोर मान खाली घालून उभा होतो आणि मेहुणा मोबाइल खिशात लपवत होता.

"आणि दोन्ही बाजूंनी सुरुवात केलीस."

"हो."

"त्या सहकाऱ्याच्या मुलीला मी काय सांगितलं होतं?"

गवंड्याला मुलीचं प्रकरण माहीत नव्हतं, पण तो एकदम हसला आणि मग सगळेच हसले. आईही हसली. खूप दिवसांनी हसली, हनुवटी वर करून, वर्गात कुणी फळ्यावर भलतंच उत्तर लिहिलं की हसायची तशी. मलाही हसू आलं. नाही कसं येणार, मधोमध पायरी असलेला रॅम्प तुम्ही बांधला असतात तर तुम्हीही हसला असतात.

मग तिने गवंड्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं की फोडायचं काहीच नाही. खालचा भाग बरोबर आहे, त्याला हात लावू नका. तिथून निघा आणि दोरी धरून सरळ दारापर्यंत या, वरचा भाग कमी पडतोय तेवढा भरत या. एका बाजूने. दोन तासांत काम झालं. मेहुणा घमेली देत होता आणि अधूनमधून माझ्याकडे अविश्वासाने पाहत होता.

सिमेंटवर सात दिवस पाणी मारावं लागतं. ते सात दिवस मावशी बाकावरून देखरेख करत होत्या. कोपरा सुकला की काठीने दाखवत, आणि मी बादली घेऊन धावत असे.

पुढच्या रविवारी साडेपाचला आई दारात आली. तिने माझा हात खुर्चीवरून बाजूला केला. दोन्ही चाकांवर तळवे ठेवून, आवरत आवरत, ती एकटी खाली उतरली. गॅलऱ्यांमध्ये झाडून सगळे होते. नकाशेकाका ओठ हलवत सेंटीमीटर मोजत असावेत. अंगणातली सपाट फरशी आली, खुर्ची बाकाला लागली. मावशींनी काठी बाजूला ठेवली आणि आईचा हात हातात घेतला.

चार महिन्यांत सगळं ओरडून सांगून झालं होतं. मग मावशी आईच्या कानाशी वाकल्या आणि हळूच काहीतरी म्हणाल्या, आईने तोंडाला पदर लावला, आणि दोघी गदगदून हसायला लागल्या. वरच्या गॅलऱ्यांमधले लोक कठड्यावरून वाकवाकून ऐकायचा प्रयत्न करत होते. काही उपयोग नव्हता. थोड्या वेळाने एकेक जण वाळलेले कपडे घेऊन आत गेला. दुसऱ्या दिवशी नकाशेकाकांनी मला जिन्यात गाठून मावशींच्या सुनेचं पुढे काय झालं हो, म्हणून विचारलं. मला काय माहीत असणार? मी यथावकाश कळवतो म्हणालो.

पण रविवारचं राहिलं. अंधार पडायच्या आत आई परत निघाली. रॅम्पच्या तोंडाशी तिने चाकांवर हात ठेवले, थोडं थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "ढकल." हे ती कुणालाच म्हणत नाही. मी खुर्चीच्या दोन्ही मुठी घट्ट धरल्या आणि चालू लागलो. अर्ध्या वाटेवर, जुनं आणि नवं सिमेंट जिथे भेटतं तिथे, खुर्चीला बारीकसा गचका बसला.

"थांब," ती म्हणाली. तिने वाकून त्या सांध्यावरून बोट फिरवलं. "इथे अजून जरा राहिलंय."

"घासून घेतो उद्या."

"छत्तीस देणार होते," आई म्हणाली. "याचा एक कापला."

मी मनात वजाबाकी केली. सोपी होती, तरी मी ती दोनदा केली. मग पुन्हा ढकलू लागलो, आणि दारापर्यंत पोहोचायच्या आत मी पास झाल्याची बातमी सगळ्या इमारतीला कळली होती, कारण या वेळी ओरडत होतो तो मी.